एकाच गावाची लोकसंख्या तीन कागदांवर तीन. रस्त्याच्या आणि एसटीच्या प्रस्तावात कुठली धरायची?

पायथ्याचा_पाडा (प्रश्न)

राम राम मंडळी. गाव जळगाव जिल्ह्यात, तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. महसुली गाव एक, त्याच शिवारात अडीच किलोमीटरवर एक पाडा, आणि शेजारचं छोटं महसुली गाव धरून गट ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी गावाची माहिती एका जागी करायचं काम चालू आहे. त्यावरूनच दोन प्रस्ताव करायचे आहेत : पाड्याला बारमाही रस्ता आणि गावात सकाळची एसटी. अडलंय ते असं :

लोकसंख्या जनगणनेच्या पुस्तिकेत १,४१२ आहे, ग्रामपंचायतीच्या फलकावर २,१८४, आणि अंगणवाडीच्या सर्वेक्षणात दोन्हींशी न जुळणारा तिसराच आकडा. पाड्याची वेगळी लोकसंख्या कुठेच सापडत नाही. एसटी फाट्यावर थांबते, फाटा गावापासून साडेतीन किलोमीटर. आत यावी म्हणून अर्ज करायचा तर त्यात नेमकं काय लागतं? आणि "जवळचं रेल्वे स्थानक" या रकान्यात नकाशावरचं सरळ रेषेतलं लिहायचं की रस्त्याने जे जवळ पडतं ते?

खानेसुमारी

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते एकाच गोष्टीचे नाहीत, एवढंच.

जनगणनेचं "गाव" म्हणजे महसुली गाव, ज्याला स्वतंत्र शिव आहे ते. पाडा, वस्ती, मळ्यातली घरं, गावाबाहेरचे प्लॉट हे सगळं त्याच एका आकड्यात. फलकावरचा आकडा बहुतेक गट ग्रामपंचायतीचा असणार. पडताळून बघा : शेजारच्या गावाची २०११ ची लोकसंख्या ७७२ निघाली तर १,४१२ आणि ७७२ मिळून २,१८४ होतात, विषय संपला. दुसरा पडताळा सदस्यसंख्येचा. १,५०० पर्यंत ७ सदस्य, १,५०१ ते ३,००० ला ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. तुमच्याकडे सरपंच सोडून ९ सदस्य असतील तर निवडणुकीला २,१८४ हाच आकडा धरलेला आहे. अंगणवाडीचं सर्वेक्षण चालू वर्षाचं असतं आणि ते अंगणवाडीच्या कार्यक्षेत्राप्रमाणे होतं. ते कार्यक्षेत्र गावाच्या शिवेशी जुळेलच असं नाही.

मूळ कागद म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. भाग अ मध्ये गाव निर्देशिका : क्षेत्रफळ, शाळा, दवाखाना, पाणी, बस, रेल्वे, पक्का रस्ता. भाग ब मध्ये प्राथमिक जनगणना गोषवारा : घरं, पुरुष-स्त्रिया, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, कामकरी. दोन्ही जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. गोषवारा एक्सेलमध्येही आहे, तोच घ्या; पीडीएफमधून हाताने उतरवताना ओळ घसरते आणि शेजारच्या गावाचे साक्षर तुमच्या गावात येऊन बसतात.

शोधताना गावाच्या नावावर जाऊ नका, सहा अंकी ग्राम संकेतांकावर जा. राज्याचा संकेतांक २७. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९. आपल्या खान्देशात पिंपरी, टाकळी, वडगाव, सावखेडा पैशाला पासरी. बु. आणि खु. सगळ्यांना माहीत असतं, पण "प्र." म्हणजे प्रगणे आणि "त." म्हणजे तर्फ (दोन्ही जुने महसुली विभाग) ही शेपटं लोक गाळतात. चाळीसगाव तालुक्यात टाकळी प्र.चा. आहे आणि टाकळी प्र.दे. पण आहे. शेपूट गाळलं की दुसऱ्याच गावाची लोकसंख्या हाती येते. पुस्तिकेतलं इंग्रजी स्पेलिंगही कसंही असतं. कुठलं गाव कुठल्या ग्रामपंचायतीला जोडलंय ते केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत सापडतं.

गणितात होणाऱ्या चुका सांगून ठेवतो. आकडे उदाहरणापुरते आहेत. साक्षरता काढताना ० ते ६ ची मुलं वजा करायची. एकूण १,४१२, लहान मुलं २१२, साक्षर ८१६ असतील तर ८१६ भागिले १,२००, म्हणजे ६८ टक्के. मुलं वजा न करता भागलं तर ५७.८ येतात आणि गाव उगाच दहा टक्क्यांनी अडाणी ठरतं. लिंगगुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया : ६९२ स्त्रिया, ७२० पुरुष, तर ९६१. घनता काढताना क्षेत्रफळ हेक्टरमध्ये दिलेलं असतं, त्याला १०० ने भागून चौरस किलोमीटर करा. ५६५ हेक्टर म्हणजे ५.६५ चौ.कि.मी., आणि घनता २५०.

काही गावांपुढे लोकसंख्या शून्य दिसेल. ती चूक नाही, ती बेचिराख गावं आहेत. शिव आहे, सातबारा आहे, राहणारं कुणी नाही.

आणि आकड्यापुढे वर्ष लिहाच. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे, तिचे गावनिहाय आकडे हाती येईपर्यंत शासकीय कागदावर २०११ च चालणार.

गिरणाकाठ

वरच्याला पुरवणी. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर हंगाम. नियम असा की गणनेच्या त्या पूर्ण काळात जो गावाबाहेर असेल त्याची मोजणी तो जिथे असेल तिथे होते. म्हणजे कुटुंबच्या कुटुंब तोडीला कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) गेलेलं असेल तर ते गावाच्या आकड्यात नाही. चाळीसगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या गावांतून तोडीच्या टोळ्या जातात तिथे गावाचं म्हणणं "माणसं जास्त आहेत" आणि पुस्तिकेचं म्हणणं "कमी आहेत" यातला बराचसा फरक हाच. यात लबाडी कुणाचीच नाही. पण प्रस्तावात "जनगणनेचा आकडा चुकीचा आहे" असं लिहू नका, त्याने फाइल पुढे सरकत नाही. लिहायचं असं : "जनगणना २०११ नुसार इतके, हंगामी स्थलांतरित कुटुंबे इतकी, यादी सोबत." पुढची गणनाही फेब्रुवारीतच आहे, हेही ध्यानात असू द्या.

चालू_वर्ष

एवढा खटाटोप कशाला? मतदार यादी घ्या, दीडपट करा, आजची लोकसंख्या तयार.

खानेसुमारी

@चालू_वर्ष, नाही भाऊ. लग्न होऊन गेलेल्या मुली, मयत, सुरतेला स्थायिक झालेले, सगळे यादीत वर्षानुवर्षं राहतात. अठराखालच्यांचं प्रमाण गावागणिक वेगळं. पाड्यात लहान मुलं जास्त, बाजाराच्या गावात कमी. एकच दीडपट दोन्हीकडे लावली तर दोन्हीकडे चूक. गप्पांना ठीक आहे, छाननीत पहिल्याच टेबलावर परत येईल.

पायथ्याचा_पाडा

शेजारच्या गावाचा आकडा काढला, ७७२ च निघाला. सदस्यही ९ आहेत. म्हणजे फलक गटाचा. आता पाड्याचं सांगा.

डांबर_खडी

पाड्याचा आकडा जनगणनेत मिळणार नाही, तिथे वेळ घालवू नका. रस्त्याच्या योजनांचा हिशोब मात्र वस्तीवर चालतो, महसुली गावावर नाही. म्हणून वस्तीची यादी स्वतः उभी करावी लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) पाड्यातल्या घरांचे मिळकत क्रमांक घ्या, आशाताईंच्या कुटुंब नोंदींवरून माणसं घ्या, दोन्ही समोरासमोर ठेवा. तक्ता साधा : मिळकत क्रमांक, कुटुंबप्रमुख, एकूण माणसं, त्यात सहा वर्षांखालची किती, हंगामी बाहेर जातात का. खाली ग्रामसेवकाची (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सही-शिक्का आणि ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक. ज्या घरांची नमुना ८ ला नोंदच नाही, वनजमिनीवरची वगैरे, ती वेगळ्या पानावर घ्या. एकत्र केली की सगळ्या यादीवरच शंका घेतात.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. तो २०११ च्या जनगणनेवर आधारलेला आहे. सपाट भागात वस्तीची लोकसंख्या किमान ५०० लागते. पाचव्या अनुसूचीतलं (आदिवासी) क्षेत्र, आकांक्षित म्हणजे केंद्राच्या मागास यादीतले जिल्हे-तालुके अशा ठिकाणी २५०. नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे, शिवाय नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित, त्यामुळे तिकडे प्रश्न सोपा. जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली ठरावीक गावंच अनुसूचित क्षेत्रात येतात. तालुक्याचं नाव आहे म्हणून आपलं गाव आहे असं धरून चालू नका, गावाचं नाव यादीत वाचून खात्री करा. यावरूनच तुमच्या पाड्याला ५०० लागतात की २५० हे ठरेल, आणि बहुतेक पाड्यांचा निकाल इथेच लागतो.

बाकीच्या अटी : बारमाही रस्त्यापासून किंवा जोडल्या गेलेल्या वस्तीपासून अंतर किमान ५०० मीटर हवं (डोंगराळ भागात पायवाटेने दीड किलोमीटर). तुमचे अडीच किलोमीटर आहेत, चालेल. ५०० मीटरच्या आतल्या दोन वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, ही सवलत बरेच जण वापरतच नाहीत. पाड्याच्या अलीकडे-पलीकडे दहा-पंधरा घरांचा पुंजका असेल तर तोही मोजा. मात्र पाड्याला दुसऱ्या बाजूने, समजा शेजारच्या गावाकडून, आधीच डांबरी रस्ता आला असेल तर तो जोडलेला धरतात. एका वस्तीला एकच जोडणी.

आता खरी मेख. पाड्याकडे जाणारी वाट रस्ते विकास आराखड्यात आहे का? राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रत्येक ग्रामीण मार्गाला तालुक्यात क्रमांक असतो, "ग्रा.मा. अमुक". क्रमांक नसेल तर ती कागदावर पाणंद, म्हणजे नुसती शेताकडची वाट. पाणंदीवर डांबर टाकायला पैसे मागितले की "रस्ता आराखड्यात नाही" एवढा एक शेरा मारून कागद परत येतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात आराखड्याचा नकाशा बघायला मागा. क्रमांक नसेल तर आधी ग्रामसभेच्या ठरावाने तो घेण्याचा प्रस्ताव, मग रस्त्याचा. उलट क्रमाने गेलात की दोन वर्षं फुकट.

जागा ही दुसरी मेख. ग्राम सडक योजनेत भूसंपादनाला पैसे नाहीत. डांबराची रुंदी ३.७५ मीटर (वाहनं फारच कमी असतील तर ३ मीटर), पण साइडपट्ट्या धरून एकूण ६ ते ७.५ मीटर माथा लागतो, वर गटारीची जागा वेगळी. वाट आज बैलगाडीपुरती असेल तर दोन्ही बांधांवरच्या शेतकऱ्यांची संमतीपत्रं गट क्रमांकासह आधी घ्या. मधल्या एकाने नाही म्हटलं की ठेकेदार त्याच्या बांधापर्यंत खडी टाकून थांबतो.

अंदाजपत्रक करायला अभियंता येईल तेव्हा त्याला नाले पावसाळ्यातले दाखवा, उन्हाळ्यातले नाही. पायथ्याच्या नाल्यांना गोटे वाहून येतात. ६०० मिलिमीटरचा पाइप पहिल्याच पुरात बुजतो आणि पाणी रस्ता फोडून बाजूने जातं. १,००० मिलिमीटरच्या खालचा पाइप मान्य करू नका. तापीकडच्या काळ्या जमिनीत दुखणं वेगळं. तिथे माती फुगते-आकसते, साइडपट्टीला मुरूम नसला की डांबराची कड आधी तुटते आणि मग मधोमध लांब भेग पडते. कडेची गटार बुजवून कापूस पेरणारेही आपणच, तेही सांगायला हवं.

शेत-पाणंद रस्त्यांच्या योजनेतून रस्ता लवकर होईल, पण तो शेतरस्ता. ट्रॅक्टर जाईल. भरलेली बस पंधरा-सोळा टनांच्या घरात असते, ती त्यावर घालणार नाहीत.

तापी_लाइन

रेल्वेचं. रस्त्याने जवळ पडतं तेच स्थानक लिहा, आणि कुठल्या पुलावरून ते पण लिहा. खान्देशात तापी ओलांडायला पूल मोजके आहेत. सुरत-जळगाव मार्ग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव असा नदीच्या दक्षिणेने जातो. शहादा, शिरपूर, चोपडा या तालुक्यांत लोहमार्गच नाही. नकाशावर स्थानक समोर दिसतं, मधे नदी असते, आणि विदगाव, सावखेडा, सावळदे, सारंगखेडा यांपैकी जो पूल सोयीचा त्याला वळसा घालून जावं लागतं. रावेरकडचे लोक सुखी. भुसावळ-खंडवा मार्गावर सावदा, निंभोरा, रावेर आहेतच.

पुस्तिकेतली रेल्वेची माहिती २०११ ची आहे हे विसरू नका. पाचोरा-जामनेर छोटी गाडी तेव्हा चालू होती, म्हणून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर भागातल्या गावांपुढे स्थानक जवळ दाखवलंय. ती गाडी कोरोनाकाळात थांबली ती थांबलीच, आता मार्ग रुंद करायचं काम आहे. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, तो धुळे-शिरपूरवरून जाणार. पण मंजूर मार्गाचं स्थानक "जवळचं स्थानक" म्हणून लिहिणारेही दिसतात, ते करू नका.

पुस्तिकेत सोय गावात नसेल तर अंतर अक्षरात असतं : अ म्हणजे ५ कि.मी.च्या आत, ब म्हणजे ५ ते १०, क म्हणजे १० च्या पुढे. क मध्ये ११ पण येतात आणि ६० पण. अक्षर उतरवू नका, स्वतः मोजून किलोमीटर लिहा.

मुक्कामी_गाडी

एसटीचं सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के अर्ज "आमच्या गावाला बस सुरू करावी ही नम्र विनंती" एवढ्यावर संपतात.

पहिलं, नवीन गाडी मागू नका. नवीन फेरी म्हणजे आगाराला एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि त्यांची ड्यूटी बसवणं आलं. त्याऐवजी फाट्यावरून आज जाणाऱ्या गाड्यांची आठवडाभर नोंद करा : वेळ, कुठून कुठे, साधी की जलद, थांबली की नाही. त्यातली तालुक्याहून तालुक्यातच फिरणारी साधी गाडी निवडा आणि "ही फेरी गावमार्गे करावी" असं मागा. लांब पल्ल्याची मागू नका. आत साडेतीन, बाहेर साडेतीन, सात किलोमीटर आणि वीस मिनिटं वाढतात; आतले प्रवासी ओरडतात आणि महिन्यात फेरी बंद.

दुसरं, माणसं मोजा. सलग सात दिवस, त्यात आठवडे बाजाराचा दिवस हवाच. सकाळी ६ ते ११ आणि दुपारी १२ ते ६, अर्ध्या-अर्ध्या तासाने : गावातून किती गेले, कशाने गेले (पायी, मोटारसायकल, ॲपे, काळीपिवळी), कुठे गेले, विद्यार्थी किती. विद्यार्थ्यांची यादी शाळा-कॉलेजनिहाय, त्यांच्या भरण्या-सुटण्याच्या वेळांसह. कॉलेज साडेसातला भरतं आणि बस सव्वाआठला मागितली असे अर्ज येतात. सकाळची फेरी मागताना परतीचीही मागा. परत यायला बस नसेल तर जातानाही लोक ॲपेच धरतात, कारण तोच ॲपेवाला संध्याकाळी आणून सोडतो.

तिसरं, रस्त्याचा दाखला. फाटा ते गाव रस्ता ज्याच्या ताब्यात आहे, म्हणजे जिल्हा परिषद बांधकाम किंवा सार्वजनिक बांधकामचा उपविभाग, त्यांच्याकडून रस्ता बस वाहतुकीस योग्य असल्याचं पत्र. मग आगाराचे लोक मार्ग बघायला येतात. ते काय बघतात : फरशी पूल किती रुंद, कठडे-खांब आहेत का, पावसाळ्यात पाणी वरून जातं का (फरशीवरून पाणी वाहत असलं की गाडी घालायची नाही), वळणावर बाभळीच्या फांद्या, गावात शिरताना ओटे-पायऱ्या रस्त्यावर आल्यात का, आणि विजेच्या तारा. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार ५.८ मीटर उंच हवी. खांबावरची असते तेवढी, पण घराला घेतलेली सर्व्हिस वायर आणि लग्नाच्या मांडवासाठी टाकलेली आणि तशीच राहिलेली वायर खाली लोंबते. ती आधी काढून घ्या.

गाडी वळवायला जागा हा सगळ्यात जास्त अडणारा मुद्दा. बस ११-१२ मीटर लांब असते, एका दमात वळायला साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. गावात तेवढी नसते.

चौथं, तिकिटाचा टप्पा. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. तुमचं गाव किंवा फाटा तिकीट यंत्रात स्वतंत्र थांबा म्हणून नसेल तर वाहक आधीच्या किंवा पुढच्या गावाचं तिकीट देतो. आगाराच्या हिशोबात मग तुमच्या फाट्यावरून कुणी चढतच नाही. अर्जात वेगळा मुद्दा घाला : "फाट्याची यंत्रात थांबा म्हणून नोंद व्हावी." फेरी मिळो न मिळो, हे काम आधी होऊ शकतं आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला तोच पुरावा होतो. महिलांच्या अर्ध्या तिकिटाची आणि ७५ वर्षांवरच्यांच्या मोफत प्रवासाची रक्कम शासन एसटीला देतं, त्यामुळे आजोबांनीही शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यावं. तिकीट निघालं नाही तर तो प्रवास झालाच नाही असं धरतात.

कागद : मासिक सभेचा किंवा ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता, विद्यार्थी यादी मुख्याध्यापकांच्या सहीने, रस्त्याचा दाखला, हाताने काढलेला नकाशा. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एप्रिल-मेमध्ये द्या, म्हणजे जूनचं शालेय नियोजन होताना तो टेबलावर असतो. जुलैत दिलेला अर्ज दिवाळीपर्यंत नुसता पडून राहतो.

मुक्कामी गाडी मागायचा मोह होईल. चालक-वाहकाला झोपायला कुलपाची खोली, पाणी, संडास आणि जवळ जेवणाची सोय, एवढं ग्रामपंचायत वर्षभर देणार असेल तरच मागा. मुक्कामी गाड्या बंद पडतात त्या बऱ्याचदा याच कारणाने, प्रवासी नाहीत म्हणून नव्हे.

मानव विकास कार्यक्रमाची निळी गाडी तुमच्या तालुक्यात असेल तर मुलींच्या शाळेसाठी तिचा मार्ग वाढवून मागणं हा वेगळा आणि सोपा रस्ता आहे. पण ती शाळेच्या दिवसांपुरती. उन्हाळ्यात गाव पुन्हा फाट्यावर.

पायथ्याचा_पाडा

फाट्यावरची मोजणी सोमवारपासून लावतो, बाजार शुक्रवारी आहे, तो येईलच. एक शंका राहिली. शाळेसमोरच्या चौकात टेप लावली, २२ मीटर बाय १४ मीटर भरतं, आणि एका कोपऱ्यात पारासकट निंब आहे. पार काढायला गाव तयार होणार नाही. चौकाला लागून पाण्याच्या टाकीकडे जाणारी एक गल्ली आहे, ६ मीटर रुंद. बस वळेल का?

मुक्कामी_गाडी

एका दमात नाही वळणार, पण पार काढायची गरज नाही. गल्लीचा उपयोग करा. गाडी गल्लीचं तोंड ओलांडून सरळ पुढे न्यायची, रिव्हर्समध्ये गल्लीत घ्यायची आणि आली त्या दिशेला तोंड करून बाहेर काढायची. त्यासाठी गल्ली तोंडापासून किमान १५ मीटर सरळ आणि मोकळी हवी, आणि चौकाकडचे दोन्ही कोपरे तिरपे कापलेले हवेत. नाही तर मागचं चाक गटारीत जातं. तोंडाशी गटारीवर ढापा असेल तर तो बसच्या मागच्या चाकाचं वजन घेणारा हवा. घरापुढे टाकतात तसला पातळ ढापा पहिल्याच दिवशी फुटेल. टाकीचा व्हॉल्व्ह गल्लीत जमिनीलगत असेल तर त्याची जागाही नकाशात दाखवा.

आणि गल्लीत खुणेसाठी १५ मीटरवर चुन्याची रेघ मारून ठेवा. गाडी मागे घेताना वाहकाला खाली उतरून शिट्टी द्यावी लागते, त्याला कुठे थांबवायचं ते दिसलं पाहिजे. शाळा किती वाजता सुटते तेही कळवा, रिव्हर्सची वेळ आणि सुट्टीची घंटा एक येता कामा नये.